मेणातल्या खोट्या गाठी

तळहातावर मावेल असा ॲक्रिलिकचा ठोकळा. आत मेणाची चकती, आणि त्या मेणात पुरलेले सहा नायलॉनचे धागे, बारीक कणांचे पाच पुंजके आणि गाठीसारखे पाच गोल. सर्वांत जाड धागा 1.56 मिलिमीटरचा, सर्वांत बारीक 0.40 चा. स्तनांची तपासणी करणारं मॅमोग्राफीचं यंत्र नीट पाहतं आहे का, हे हा ठोकळा सांगतो. त्याला फॅन्टम म्हणतात.

त्याची गरज भासायला बराच काळ गेला. 1913 मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे 3000 स्तनांचे क्ष-किरण फोटो काढून पाहिले. पुढे उरुग्वेच्या राउल लेबोर्न यांनी स्तन दाबून धरला की फोटो स्पष्ट येतो हे दाखवलं, आणि कर्करोगाशी नातं असलेल्या चुन्याच्या सूक्ष्म कणांकडे लक्ष वेधलं. 1960 च्या दशकात फ्रान्समध्ये शार्ल ग्रो यांच्या प्रयत्नांतून मॉलिब्डेनमची नळी असलेलं, खास स्तनांसाठीचं यंत्र आलं. यंत्रं वाढली, तसे फोटो मात्र एका दवाखान्यात चांगले, दुसऱ्यात धूसर. त्या धूसरपणाची किंमत बाई मोजते, कारण ‘काही नाही’ असा रिपोर्ट घेऊन ती निश्चिंत मनाने घरी जाते. म्हणून 1987 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने केंद्रांना मान्यता द्यायची पद्धत सुरू केली आणि हा ठोकळा तिच्या केंद्रस्थानी आला. 1992 मध्ये अमेरिकेत त्याचा कायदाच झाला.

चाचणी सोपी दिसते. स्तन ठेवतात त्याच जागी टेक्निशियन ठोकळा ठेवतो, वरची पट्टी खाली आणतो, नेहमीसारखाच फोटो घेतो आणि मोजतो. या ठोकळ्यात किमान चार धागे, तीन पुंजके आणि तीन गाठी दिसल्याच पाहिजेत. एका पुंजक्यात सहा कण. चार दिसले तर पूर्ण गुण, दोन-तीन दिसले तर अर्धा. मला सर्वांत आवडलेला नियम पुढचा आहे: जिथे धागा पुरलेलाच नाही तिथे धाग्यासारखं काही दिसलं, तर गुण कापायचा. नसलेलं दाखवणारं यंत्रही नापासच.

फिल्मच्या काळात बिघाड लपत नसे. रसायनाचं तापमान घसरलं की फिल्म फिकी पडायची आणि तेवढ्यावरून शंका यायची. 2000 मध्ये अमेरिकेत डिजिटल यंत्राला मंजुरी मिळाली आणि हा आधार गेला. किरण कमी पडले तरी संगणक उजेड-अंधार जुळवून घेतो, चित्र फक्त रवाळ होतं. जास्त पडले तर चित्र उलट देखणं दिसतं, आणि जादा मात्रा कुणाच्या लक्षातही येत नाही. किरण टिपणाऱ्या डिटेक्टरवरचा मेलेला ठिपका शेजारच्या ठिपक्यांवरून भरून काढला जातो. म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या 2016 च्या पुस्तिकेत नवा, डिटेक्टर झाकेल एवढा मोठा फॅन्टम आला. त्यात दोन धागे, तीन पुंजके आणि दोन गाठी दिसल्या की पास. निकष ढिला झाला असं वाटेल, पण नव्यातला दुसरा धागा 0.75 मिलिमीटरचा आहे, म्हणजे जुन्यातल्या चौथ्याएवढाच. जाडे, सहज दिसणारे धागे तेवढे वगळले. शिवाय डॉक्टर ज्या पडद्यावर फोटो वाचतात तो पडदाही तपासावा लागतो, कारण यंत्राने टिपलेला कण मळकट मॉनिटरवर हरवू शकतो.

आता आपल्याकडे, उदाहरणार्थ पानिपतला, येऊ. सुताच्या आणि हातमागाच्या या गावातलं मॅमोग्राफीचं यंत्र असो की सोलापुरातलं, त्याची नोंद मुंबईत अणुशक्तीनगरला मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडेच करावी लागते. 1983 मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाच्या नियमांनुसार दोन वर्षांतून किमान एकदा आणि मोठ्या दुरुस्तीनंतर गुणवत्ता चाचणी बंधनकारक आहे. मला हे अंतर फार मोठं वाटतं. डिटेक्टर दोन वर्षं थांबून बिघडत नाही. अमेरिकन पुस्तिका फॅन्टमचा फोटो दर आठवड्याला मागते, आणि त्याला काही मिनिटंच लागतात. महानगरातल्या मोठ्या रुग्णालयात त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ असतो. जिल्ह्याच्या गावात हे काम बहुतेक वेळा एकट्या टेक्निशियनवर येतं, तेही बाहेर बायका रांगेत बसलेल्या असताना. त्याला ठोकळा द्यावा, मोजायला शिकवावं आणि सोमवारी सकाळी पहिल्या बाईला आत बोलावण्याआधीची ती दहा मिनिटं त्याच्या कामाच्या वेळेत धरावीत. आणि तपासणीला आलेल्या बाईने शेवटच्या चाचणीची तारीख विचारली, तर काउंटरवर कपाळाला आठी न घालता तिला ती दाखवावी.