स्ट्रक्टची गोष्ट

नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकायची तर जुना कोड ओळीमागून ओळ तिच्यात उतरवू नये, असं सगळे सांगतात. म्हणे, अशानं तुम्ही पायथॉनमध्येसुद्धा सीच लिहाल! खरंय ते. पण मंडळी, उतरवताना गाडी जिथे अडते ना, तिथेच खरी मजा असते. खुद्द केन थॉम्प्सनची गाडी अडली होती.

तर झालं असं. बेल लॅब्जमध्ये थॉम्प्सनने बीसीपीएलला पिळून 'बी' नावाची चिमुकली भाषा केली. तिच्यात टाइप नाहीतच, सगळं काही एक 'वर्ड'. १९७० मध्ये पीडीपी-११ आलं आणि पंचाईत झाली, कारण हे मशीन बाइटागणिक पत्ता देणारं. म्हणून १९७१ मध्ये डेनिस रिचीने बीमध्ये टाइप घालायला घेतले, आणि त्यातून सी झाली.

युनिक्स मात्र असेम्ब्लीतच होतं. १९७२ मध्ये थॉम्प्सनने ते सीमध्ये लिहायला घेतलं... आणि सोडून दिलं. सीमध्ये तेव्हा स्ट्रक्ट नव्हतं! युनिक्सच्या डिरेक्टरीतली एक नोंद बघा: २ बाइटांचा आयनोड नंबर, पुढे १४ बाइटांचं नाव. असेम्ब्लीत 'दोन बाइट पुढे जा' म्हटलं की भागतं. रचना प्रोग्रॅमरच्या डोक्यात असते, कोडमध्ये तिला नावच नसतं. आणि कर्नल म्हणजे असल्या तक्त्यांचं गाठोडं.

(मी सध्या सीमधला एक पार्सर रस्टमध्ये उतरवतोय. ही मेमरी कुणाच्या मालकीची, हे सीमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. रस्टचा कंपायलर पहिल्याच फंक्शनला तेच विचारत बसला!)

रिचीने स्ट्रक्ट घातलं आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी कर्नल सीमध्ये लिहून काढलं. नवं युनिक्स जुन्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने फुगलं. त्यात नव्या सोयीही होत्या, शिवाय कोड समजायला आणि बदलायला सोपा झाला, म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं. आमच्या मॅनेजरने घेतलं असतं का, शंकाच आहे :)

असो. पुढे १९७७ च्या सुमारास हेच युनिक्स इंटरडेटा ८/३२ या वेगळ्याच मशीनवर न्यायची वेळ आली, तेव्हा पुन्हा तेच. पीडीपी-११ वर पॉइंटर आणि इंटिजर बिनदिक्कत एकमेकांत मिसळलेले होते, ते सगळं आता उघडं पडलं. मग टाइपच्या बाबतीत भाषा कडक होत गेली, कास्ट आले, आणि संशयास्पद कोड हुडकायला स्टीव्ह जॉन्सनने एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव लिंट.