मांडुळाला धन कळतं का? 'कंट्रोल' समजून घेताना

आमच्या नायगावकडं लहानपणी दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळायच्या. पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला, जमिनीतलं गुप्तधन दिसतं. आणि मांडूळ धनाच्या जागेवर घेऊन जातं. दोन्हींत कल्पना एकच: जिवंत डिटेक्टर. मग हा डिटेक्टर तपासायचा कसा?

'धन नसतंच' म्हणून भागत नाही. बँका नव्हत्या तेव्हा लोक नाणी-दागिने मडक्यात घालून पुरायचे. नांगरताना, पाया खणताना ते सापडायचंही. 1878 च्या निखात निधी कायद्यानं तर दहा रुपयांवरचा ठेवा सापडला की कलेक्टरला कळवणं बंधनकारक केलं. पण सापडलेला हंडा गावभर होतो. रिकामे खड्डे कोणी मोजत नाही. हा पहिला दोष.

दुसरा दोष बर्लिनच्या हान्स घोड्यानं दाखवला. तो खूर आपटून गणितं सोडवायचा. 1904 मध्ये समितीनं पाहिलं, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्टनं साधा बदल केला: विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नको. हान्स चुकायला लागला. तो गणित नाही, समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. फुंग्स्टचं हे काम 1907 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता पायाळूची चाचणी आखा. दहा सारखी मडकी पुरा, एकातच नाणी. कोणत्या, ते तिथं हजर असलेल्या कुणालाच माहीत नको. नुसत्या अंदाजानंही दहात एकदा बरोबर येणारच. त्याहून किती जास्त येतं ते बघायचं. (मांडूळ मात्र पकडू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, आणि बिचारं उंदीर खाऊन शेतकऱ्याचं भलंच करतं.)

तिसरा दोष सगळ्यात घातक. धन निघालं नाही तर 'डिटेक्टर चुकला' असं कोणी म्हणत नाही. 'राखणदार बळी मागतो' म्हणतात. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये 1972 पासून मुली-बायकांचे खून झाले, तेव्हा तपासात गुप्तधनासाठी नरबळी हाच हेतू पुढं आला. राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधाचा उल्लेख उगाच नाहीये.

म्हणून प्रपोजल लिहिताना एक ओळ आधीच लिहून ठेवा: कोणता निकाल आला तर मी चुकलो असं मानेन? ती ओळ सुचत नसेल, तर प्रयोग अजून तयार नाही.