कोलोनचं कॅथीड्रल आणि विटांचा भराव

मागच्या खेपेला आपण गॉथिक शैलीची तत्त्वं पाहिली. आज एकच वास्तू घेऊ, जर्मनीतलं कोलोनचं कॅथीड्रल. पायाभरणी १२४८ ची. १३२२ मध्ये वेदीकडचा भाग वापरात आला. पुढे सोळाव्या शतकात काम थांबलं ते थांबलंच. दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावर लाकडी यारी तशीच उभी, तीनशे वर्षं! किती पिढ्या झाल्या, तुम्हीच मोजा. १८१४ मध्ये डार्मश्टाटला दर्शनी बाजूच्या मध्ययुगीन आराखड्याचा अर्धा भाग सापडला, उरलेला दोन वर्षांनी पॅरिसला. त्यावरून १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू होऊन १८८० ला पुरं झालं. छताचा सांगाडा मात्र लोखंडी. मग हे चर्च 'मध्ययुगीन' कशाच्या अर्थानं? आमच्या मते आराखड्याच्या अर्थानं. निम्म्याअधिक दगडाच्या नव्हे.

पण आम्हाला बोलायचंय ते विटांबद्दल. १९४३ मध्ये बॉम्बनं उत्तरेकडच्या मनोऱ्याच्या आधाराला भगदाड पाडलं. मनोरा कोसळू नये म्हणून ते घाईनं साध्या विटांनी भरलं. कोलोनकरांनी त्याला चक्क दातातल्या भरावाचं नाव दिलं! अर्धं शतक तो भराव उघडा होता, युद्धाची खूण म्हणून. नंतर त्यावर दगड चढवला, २००५ मध्ये तो पुरता झाकला गेला. डागडुजी म्हणून काम चोख आहे, नाही म्हणत नाही. तरी आम्हाला ते पटलेलं नाही. तेराव्या शतकाचा आराखडा जपायचा, तर १९४३ ची जखम का लपवायची? त्या विटाही आता त्याच वास्तूच्या इतिहासाचा भाग होत्या.