स्टेशनवरचं फुकट वायफाय

लॅपटॉप घेऊन भटकत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला स्टेशन म्हणजे ऑफिसच. हे वायफाय सुरू झालं जानेवारी 2016 मध्ये, मुंबई सेंट्रलला. रेलटेलचं फायबर, गूगलची साथ. जून 2018 मध्ये दिब्रुगड हे 400वं स्टेशन झालं. त्याच वर्षी एर्नाकुलमचा एक हमाल लेखी परीक्षा पास झाला. सामान वाहताना कानात इअरफोन, अभ्यास याच वायफायवर! 2020 मध्ये गूगलने बाहेर पडायचं जाहीर केलं. कारण काय, तर डेटा स्वस्त झालाय. मला हे अर्धंच पटतं. रेलटेलने अर्धा तास फुकट ठेवला, पण ओटीपीला चालू मोबाइल लागतोच ना? आणि 2021 मध्ये पश्चिम रेल्वेने आगीच्या भीतीने गाडीतले चार्जिंग पॉइंट रात्री 11 ते पहाटे 5 बंद ठेवले. तेव्हापासून मी गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरचा प्लग शोधतो. तिथे चौघं आधीच उभे असतात.