शिडाची सावली

दाभोळच्या खाडीत आता बारक्या फायबरच्या होडीवरही निळी ताडपत्री नाहीतर हिरवी जाळी ताणलेली दिसते. पोरं विचारतात, पूर्वीचे लोक उन्हात नुसते करपतच होते काय? तसं नव्हतं. सावली होती, पण ती शिडाची होती.

आजोबांची होडी पंचवीस फुटांच्या आतली, लाकडी. एक डोलकाठी, तिला तिरकं परबाण आणि जाड्याभरड्या सुती कापडाचं शीड. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर परत यायचं. जाताना सूर्य पाठीशी, येतानाही पाठीशीच. म्हणजे शिडाची सावली दोन्ही वेळा नाळेकडे पडायची. तिथे मासळीची टोपली आणि एखादं पोर. सुकाणूवरचा माणूस मात्र कायम उन्हात.

त्याची सावली मधल्या वेळेची. जाळं लावून पाणी फिरायची वाट बघताना नांगर टाकायचा, परबाण खाली घेऊन आडवं बांधायचं आणि शीड त्याच्यावर दोन्ही बाजूंना सोडायचं. झाली राहुटी! वारा उठला की तेच कापड पुन्हा वर. छपरासाठी वेगळा खर्च नाही, वेगळी अडगळ नाही.

1951 साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. मासेमारी नौकांना यंत्र बसवण्याचं काम तिच्यात होतं. आधी मोठ्या नौकांना इंजिनं आली, खाडीतल्या होड्यांपर्यंत यायला पुढे बरीच वर्षं गेली. आमच्या घरी इंजिन आलं तेव्हा नारळ फोडला. डोलकाठी उतरली, शीड माळ्यावर गेलं. वल्ह्याचे आणि वाऱ्याच्या मिनतवारीचे कष्ट वाचले, पण शिडाबरोबर सावलीही गेली, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वडिलांनी पुढची कितीतरी वर्षं उघड्या होडीत काढली. डोक्याला फडकं, बस्स. होडीत ओलं गोणपाट असायचं, ते मासळीवर. बर्फ महाग, आणि मासळी नरम पडली तर बाजारात आई काय विकणार? ऊन वरून लागतं तसं पाण्यावरून उलटूनही लागतं. वडिलांच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा पापुद्रा वाढत बुबुळापर्यंत आला. डॉक्टर म्हणाले, "उन्हातान्हात, खाऱ्या वाऱ्यात राबणाऱ्यांना हे होतं. डोळ्यांवर सावली ठेवा." घरी येऊन वडील हसले, "समुद्रात कुठनं आणू सावली?"

मग आणलीच. पहिल्यांदा माडाचे झाप लावले. खाली गार वाटायचं, पण भिजले की जड, आणि वाऱ्याने पाती सुटायची. मग ताडपत्री आली. हलकी, टिकाऊ, पण वारा आरपार जाऊ देत नाही. आजोबा तेव्हा ओटीवर बसून असत. ताडपत्री बघून म्हणाले, "ह्ये छप्पर न्हाय रं, ह्ये शीडच हाय. आणि ह्या शिडाला सुकाणू ऐकत न्हाय."

त्यांचं खरं होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा दाब चौपट होतो. कापड जितकं उंच, तितकी होडी लवकर कलते. एका वैशाखात वळवाच्या वाऱ्याने वाडीतल्या एका होडीची ताडपत्री फुगली. दोऱ्यांना निरगाठी मारलेल्या, त्या सुटेनात. कोयती सापडेपर्यंत होडी उलटली. माणसं पोहून आली, जाळी गेली.

त्यानंतर आमच्या वाडीत छपराची रीत ठरली. होडीचा मागचा तिसरा हिस्साच झाकायचा, पुढे उभं राहून जाळं ओढायला जागा मोकळी. उंची बसल्या माणसाच्या डोक्यावर वीतभर. चार बांबू, दोऱ्यांना सुरगाठी, एका हिसक्यात सुटतील अशा. खाडीच्या मुखाबाहेर पडण्याआधी कापड गुंडाळायचं. पुढे शेतीतली हिरवी जाळी मिळू लागली. तिची सावली विरळ, पण वारा तिच्यातून निघून जातो. वाऱ्यात बसायचं असेल तर जाळी, नांगरावर थांबायचं असेल तर फिकट रंगाचं कापड. काळं प्लास्टिक तापतं, ते नको.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंदी असते. होडी वर ओढली की तिला झापांनी शाकारतात, पूर्वीपासून. पहिली सावली मासळीला, दुसरी होडीला, हा आमच्याकडचा जुना क्रम. कारण घर त्यांच्यावर चालायचं. माणसाचा नंबर लागायला वडिलांचा डोळा जावा लागला. आता माझा पुतण्या होडी काढताना इंजिनाचं तेल बघतो आणि लगेच छपराच्या गाठी ओढून बघतो. त्याच्या मुलाला ती सुरगाठ शाळेत जायच्या आधीपासून येते.