गच्चीवरची मानस

हैदराबादेतील आमच्या घराच्या गच्चीवर गतवर्षी एक नवीन वस्तू अवतरली. खाली ३०० लिटरांचा हौद, त्यात मासे. वर फूटभर खोलीची, खडीने भरलेली पेटी, तीत तांबडी भाजी, पुदिना आणि अळू. माशांचे मलिन पाणी पंपाने खडीत चढते आणि खडीतून निवळून पुन्हा हौदात पडते. माती नाही, शेणखत नाही. या व्यवस्थेस ‘अ‍ॅक्वापॉनिक्स’ असे भारदस्त नाव असून ती अमेरिकेतून आलेली अगदी अलीकडची विद्या आहे, असे मी घरी येणाऱ्या पाहुण्यांस मोठ्या ऐटीने सांगत असे. ही ऐट उतरविली ती आमच्या आत्याने. सारा जन्म गोव्यात जुवारीच्या काठी काढलेली, ऐंशी उलटलेली ही बाई जिना चढून आली, हौदाभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाली, “बाबा, हाका मानस खंय?”

मानस म्हणजे खाजन शेतीच्या बांधातील पाण्याचे दार. ज्यांचे गाव अद्याप नदीकाठी आहे त्यांस हे सांगावयास नको. परंतु आपल्यातील कित्येक घराणी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई, बेळगाव, हैदराबाद अशी पांगली आहेत, आणि त्यांच्या मुलांनी खाजन हा शब्दही ऐकला नसेल. भरतीचे खारे पाणी जेथवर चढते अशा सखल भूमीस चिखल, पेंढा, बांबू व जांभा दगड यांचा बांध घालून ती नदीपासून सोडवून घेतलेली, तिचे नाव खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे मानतात. बांधात ठिकठिकाणी मानशी. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने मानशीच्या फळ्या मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात. दाराच्या आतल्या अंगास पाणी साचून राहते तो पोंय. पावसाच्या पहिल्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन गेले की कोरगुट नावाचे, खारेपण सोसणारे भात पेरावयाचे; आणि कापणी झाल्यावर पुष्कळ ठिकाणी त्याच शेतांत खारे पाणी घेऊन शेवटो, काळुंदर, सुंगटे वाढवावयाची. भाताची धसकटे कुजून मासळीस चारा होतो, मासळीचा मळ व गाळ पुढल्या भातास खत होतो. कुमठ्याकडील गजनी शेते आणि कोचीकडील पोक्काळी ही याच कुटुंबातली. तेव्हा मासे आणि पीक यांचा संसार एका पाण्यात मांडण्याची कल्पना अमेरिकेतून यावयाची नव्हती. माझ्या पेटीत माती नाही आणि खाजनात ती आहे, एवढा भेद मी वकिली शिस्तीने नमूद करून ठेवतो.

पण आत्याचा प्रश्न मासे आणि पीक यांविषयी नव्हताच. तो दाराविषयी होता. खाजनाचे सारे मर्म दारात आहे. दार जरा अधिक वेळ उघडे ठेवले तर मासळी वाढते आणि भात मीठ लागून करपते. जरा अधिक वेळ मिटून ठेवले तर भात सुखी, मासळी नाही. म्हणून दारावर हात कोणाचा, हा प्रश्न गावकरीने प्राचीन काळीच सोडवून ठेवला होता. मानशीत जाळे लावण्याच्या हक्काची पावणी होई. जास्त बोली बोलणाऱ्यास मासळी मिळे, परंतु शेतात किती पाणी घ्यावयाचे याचा निर्णय त्याचा नसे. आणि पावणीच्या पैशातून बांधांची डागडुजी चाले. १५२६ साली अफोन्सो मेशिया याने पोर्तुगीज राजाच्या वतीने गावकरीचे रिवाज लेखी नोंदवून घेतले, तो फोराल प्रसिद्धच आहे. त्यामागे रिवाजांविषयीचा आदर किती आणि सारा बिनचूक वसूल होण्याची चिंता किती, हे वाचकांनीच ठरवावे. पुढे त्याच शतकात कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास आणि केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली. देव खाडी ओलांडून गेले. बांध मात्र जागच्या जागी राहिले, कारण बांध मोडणे नव्या राज्यकर्त्यांस परवडणारे नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. चिखलात उतरून ज्यांनी हे बांध घातले ते हात बहुतांशी गावडा व कुणबी समाजाचे होते. निर्णयाचा आणि शिलकेचा हक्क मात्र गावकारांच्या पुरुषवंशाकडे जन्मसिद्ध. आपण आपल्या देवस्थानांच्या इतिहासात गावकरीचे गोडवे गातो तेव्हा ही बाजू सहसा वाचावयास मिळत नाही.

आता माझ्या हौदाकडे. आत्यास मी उत्तर दिले की मानस आहे, पण ती दिसत नाही. खडीच्या पेटीत उपड्या पेल्याखाली एक उभी नळी असते. पाणी नळीच्या तोंडापर्यंत चढले की वक्रनलिकेच्या नियमाने सारे पाणी एकदम खाली ओढले जाते; मग हवा शिरून ओघ तुटतो आणि पेटी पुन्हा भरू लागते. तासाभरात एकदोनदा भरती आणि ओहोटी. पाणी उतरते तेव्हा खडीत वारा शिरतो आणि मुळांस श्वास मिळतो. गोव्यात हे काम चंद्र फुकट करतो. माझ्या गच्चीवर विजेचा पंप करतो, आणि वीज गेली की ते थांबते.

आणखी एक भागीदार या संसारात आहे. खाजनातल्या मातीत तो मुळातच असल्यामुळे तेथे कोणास त्याचा विचार करावा लागला नाही. माझ्या धुतलेल्या, कोऱ्या खडीत तो नव्हता. हौद भरला त्याच दिवशी मी उत्साहाने मासे सोडले. सहाव्या दिवशी सकाळी निम्मे मासे पोट वर करून तरंगत होते. पाणी आरशासारखे स्वच्छ होते, म्हणून तर आश्चर्य अधिक.

त्याचे उत्तर १८७७ साली फ्रान्समध्ये मिळून चुकले होते. श्लोझिंग आणि म्युन्ट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडीने भरलेल्या उभ्या नळीतून गटाराचे पाणी अगदी संथपणे झिरपू दिले. प्रारंभी काहीच घडले नाही. सुमारे २० दिवसांनी पाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि क्रिया बंद पडली. वाफ निघून गेल्यावर मातीचे थोडे पाणी घातले, तशी काही दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली. अर्थ उघड होता: हे काम निर्जीव वाळूचे नसून तीत वस्ती करणाऱ्या जिवांचे आहे. ते जीव विनोग्राड्स्की याने १८९० मध्ये वेगळे काढून दाखविले. माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया हे माशाला विष. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. आणि नायट्रेट ही तांबड्या भाजीची शिदोरी. ही वस्ती जमण्यापूर्वी मासे सोडणे म्हणजे बांध पुरा होण्यापूर्वी भात पेरणे होय.

अमेरिकेचे श्रेय मी नाकारीत नाही. मॅसॅच्युसेट्समधील न्यू अल्केमी संस्थेने १९७०च्या दशकात माशांच्या टाक्या आणि भाजीपाला एकत्र आणला. १९८०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात मॅकमर्ट्री याने वाळूच्या वाफ्यात टोमॅटो लावून पाणी माशांकडे परत पाठविले. व्हर्जिन बेटांवर रॅकोसी याने तरंगत्या तराफ्यांवर शेती केली. त्यांनी मोजमाप दिले, आणि मोजमापाचेच मला दारिद्र्य होते.

दुसऱ्या खेपेस मी महिनाभर थांबलो. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून, त्यातला क्लोरीन उडाल्यावरच हौदात घेतले. क्लोरीन हा या वस्तीस क्लोरोफॉर्मसारखाच. आमच्या विंधणविहिरीचे पाणी कठीण, त्यात मी आणलेल्या खडीत चुना. अशा पाण्यात अमोनिया अधिक जहाल होतो आणि पानांस लोह मिळेनासे होऊन ती पिवळी पडतात. खडीवर व्हिनेगर टाकून फेस येतो की नाही एवढे पाहिले असते, तर दोन पोती खडी तिसऱ्या मजल्यावरून खाली वाहून न्यावी लागली नसती. शेजाऱ्यांनी डासांची तक्रार केली, आणि ती हैदराबादेत हसण्यावारी नेता येत नाही: १८९७ च्या २० ऑगस्टला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो याच परिसरात, सिकंदराबादेस. परंतु हौदात मासे असल्यावर डासांच्या अळ्या उरत नाहीत, हे मी त्यांना दाखवून दिले.

तेलंगणातही दार आहेच. येथल्या तलावांच्या बांधातील दारास तूमू म्हणतात, आणि ते उघडणारा, मिटणारा गावचा नेमलेला माणूस तो नीरटी.

गोव्यात १९६४ च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्यास संरक्षण मिळाले, ते न्याय्यच झाले. बांध व मानशी सांभाळण्याची सामायिक जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटनांवर आली. पण भातापेक्षा मासळीला भाव अधिक. पावणी घेणारा दार उघडे ठेवू लागला, तर त्याला अडविणारा पूर्वीइतका जवळ राहिला नाही. आमच्या मूळ गावचा बाहेरचा बांध असाच गेला. दुरुस्ती कोणी करावयाची याचे कागद दहा वर्षे एका कचेरीतून दुसरीत फिरले. ते सारे मी वाचले आहेत, आणि त्यांत प्रत्येक पक्षाचे म्हणणे कायद्याला धरून आहे. शेतात आता खारफुटी उभी आहे.

आत्या आमच्याकडे पंधरा दिवस राहिली. रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन ती हौदाजवळ बसे आणि पाणी उतरल्याचा आवाज झाला की म्हणे, “सुकती लागली.”