बऱ्हाणपूरचे विणकर, शंखजिरे आणि फुफ्फुसाचे विकार : एक ऐतिहासिक आढावा

तापीकाठचे बऱ्हाणपूर फारुकी सुलतान नासिर खान याने इ. स. 1400 च्या सुमारास वसवले व त्याला सूफी संत हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. येथील तलम मलमल इराण, तुर्कस्तान, पोलंड व कैरोपर्यंत जात असे, अशी नोंद सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी तावेर्निये याने केली आहे. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातील मोमीन-अन्सारी विणकर मालेगाव, भिवंडीप्रमाणे येथेही स्थायिक झाले. विसाव्या शतकात ताप्ती मिल व पुढे यंत्रमाग आले. कापडाच्या या इतिहासात विणकराच्या फुफ्फुसाचा उल्लेख क्वचितच येतो.

विणकराच्या श्वासात दोन प्रकारची धूळ जाते. पहिली कापसाची. तिच्यामुळे बिसिनोसिस होतो. पिंजण व सूतकताई विभागांत त्याचे प्रमाण अधिक असते, विणाईत कमी. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, म्हणून इंग्लंडमध्ये त्याला 'सोमवारचा ताप' म्हणत. जेथे माग शुक्रवारी बंद असतात, तेथे हाच त्रास शनिवारी जाणवेल.

दुसरी धूळ खळीची. ताण्याच्या सुताला बळकटी यावी म्हणून स्टार्चची खळ देतात. कापडाचे वजन वाढवण्यासाठी गिरणी उद्योगात तिच्यात चिनी माती व शंखजिरे मिसळले जाई. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861-65) लँकेशायरमध्ये आखूड धाग्याचा 'सुरती' कापूस वापरावा लागला, तेव्हा अशी जड खळ वाढली. ती वाळली की मागाच्या ठोक्यांनी उडते.

कर्करोगाबाबत सावधपणे बोलले पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1987 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त शंखजिरे कर्करोगकारक ठरवले. 2024 मध्ये तिने शंखजिऱ्याला 'संभवतः कर्करोगकारक' या गटात घातले. मात्र मानवी पुरावा मर्यादित असून तो मुख्यतः अंडाशयाच्या कर्करोगाचा आहे. खाणकामगारांतील फुफ्फुसाच्या कर्करोगात सिलिका व रेडॉन यांचाही वाटा असू शकतो. विणकरांत बिडीचा विचार टाळता येत नाही.

1948 च्या कारखाना कायद्याखाली पुढे बिसिनोसिस सूचनापात्र रोग ठरला. पण वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी किमान 10 कामगारांची अट होती. 2020 च्या संहितेने ती 20 केली. घरालगतचे चार-सहा माग दोन्हींत बसत नाहीत. त्यामुळे विणकराचा खोकला क्षय किंवा दमा म्हणून नोंदला जाण्याची शक्यता राहते.

विणकर वस्त्यांतील महाविद्यालयांनी वृद्ध कारागिरांच्या मुलाखती घ्याव्यात. कोणते काम, किती वर्षे, खळीत काय मिसळत, बिडीची सवय, त्रासाचा वार, एवढे जरी नोंदवले तरी डॉक्टरांना व इतिहासकारांना आधार मिळेल.